मातीचं मातेरं!

घरातली झाडं मरतात तेव्हा आपण उन्हाला, पाण्याला, नाहीतर स्वतःच्या 'वाईट हाता'ला दोष देतो. खरा गुन्हेगार बऱ्याचदा कुंडीतच शांत बसलेला असतो!

कबुली देऊनच सुरुवात करते. पुण्यात राहायला आल्यापासून मी नऊ झाडं मारली आहेत. त्यात एक मनी प्लांट आहे, जो म्हणे कुणाकडेही जगतो. एक स्नेक प्लांट आहे, ज्याला म्हणे महिनाभर विसरलात तरी चालतं. पीस लिलीचा तर मी विषयच काढत नाही. दर वेळी मी तेच करायचे. दोन दिवस हळहळायचं, कुंडी गॅलरीच्या कोपऱ्यात सरकवायची आणि पुढच्या वीकेण्डला नर्सरीत जाऊन नवा बळी घेऊन यायचा. शंभर-दीडशे रुपयांचा तर प्रश्न!

पण दहावं झाड शंभर-दीडशे रुपयांचं नव्हतं.

आमच्या साताऱ्याच्या घरी आजीचं ब्रह्मकमळ होतं. म्हणजे आपण मराठी लोक ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं. हे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडून आलेलं निवडुंगाच्या कुळातलं झाड. पावसाळ्यात रात्री फुलणारं आणि सकाळपर्यंत मान टाकणारं. फूल येणार असलं की आजी दुपारपासूनच गल्लीत वर्दी द्यायची आणि रात्री दहाला आमच्या अंगणात सत्यनारायणाला जमावी तशी गर्दी व्हायची. २०२२मध्ये आजी गेली. २०२४च्या जानेवारीत घर बिल्डरकडे गेलं. सामान हलवायच्या गडबडीत झाडाचा गंजका डबा फुटला आणि राडारोड्यात गेला. आईने त्याआधी तीन पानं कापून घेतली होती. ती वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात देत म्हणाली, "आमच्या भाड्याच्या जागेत ऊनच येत नाही गं. तुझ्याकडे पूर्वेची खिडकी आहे. लावशील ना?"

नऊ खून नावावर असलेल्या बाईला हा प्रश्न!

दोन गेली, एक राहिलं

मी अगदी मनापासून तयारी केली. पहिलं पान नर्सरीतून आणलेल्या लाल मातीत लावलं. पिशवीवर 'खतमिश्रित' असं लिहिलं होतं, म्हणजे चांगलीच असणार. दुसऱ्यासाठी जास्त लाड. छान सिरॅमिकची कुंडी, तळाला दोन इंच खडी (पाणी निथळायला, असं सगळेच सांगतात), वर लाल माती आणि त्यात अर्धंअधिक गांडूळखत. तिसरं पान आखूड होतं, कुंडी संपली होती, म्हणून ते कागदातच फ्रिजवर ठेवलं आणि विसरले.

महिन्याभरात पहिलं पान बुडाशी पिवळं आणि मग मऊ पडलं. हात लावला तर गळून हातात आलं. दुसऱ्याचं तर त्याआधीच झालं होतं. शिवाय त्या कुंडीवर चिलटं घोंघावत होती, ती बोनस. रविवारी रडवेल्या तोंडाने फ्रिजवरचा कागद उघडला. वाटलं, हे तर केव्हाच वाळलं असेल. पान सुरकुतलं होतं खरं, पण कडेला पांढरी, दोऱ्यासारखी मुळं फुटली होती. मातीशिवाय. पाण्याशिवाय. माझ्याशिवाय!

आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. आयुष्यभर बॉटनी शिकवून रिटायर झाल्यात. पान घेऊन थेट त्यांच्याकडे गेले. त्यांनी ते बघितलं, हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे मूळचं मातीत राहणारं झाडच नाही. जंगलात ते दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतं. त्याला माती हवी त्यापेक्षा जास्त हवा हवी. तू त्याला चिखलात पुरलंस."

मुळांना श्वास लागतो

आपण शाळेत शिकलो की मुळं पाणी आणि अन्नद्रव्यं शोषतात. मुळं श्वासही घेतात, हे मात्र पेपर लिहून झाल्यावर विसरलो. त्यांना ऑक्सिजन लागतो आणि तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या तर खेळ खलास, कारण पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत जवळपास दहा हजार पट हळू पसरतो. गुदमरलेली मुळं मरतात, मग पिथियमसारखे रोगकारक जीव त्यांच्यावर ताव मारतात आणि मुळं कुजतात. गंमत म्हणजे मुळं गेली की वर पानं कोमेजतात. आपल्याला वाटतं, बिचाऱ्याला तहान लागली. आपण आणखी पाणी घालतो!

कुंडीत पाणी घालून ते निथळलं की साधारण दहा ते वीस टक्के जागा हवेची उरायला हवी. घराबाहेर हे एरवीही जमून जातं. ऊन असतं, वारा असतो, गांडुळं माती पोखरत असतात. घरात यातलं काहीच नाही. उजेड कमी म्हणून झाड पाणी कमी पितं आणि ओल आठवडाभर हटत नाही. म्हणूनच बागेतली उत्तम माती दिवाणखान्यात व्हिलन ठरते.

काळी, लाल आणि वीट

आमच्या साताऱ्याकडची कृष्णाकाठची काळी माती म्हणजे अभिमानाचा विषय. बेसॉल्ट खडक झिजून झालेली, उसाला एक नंबर. पण तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगा पडतात. शेतात हे खपतं, सहा इंचांच्या कुंडीत नाही. तिथे ओली असताना लोण्याचा गोळा आणि वाळल्यावर दगड. थोडी बारीक वाळू मिसळली की ती मोकळी होईल, असंही समजू नका. उलट आणखी घट्ट बसते.

मग लाल माती? नर्सरीवाल्यांची ती लाडकी, आणि कोकणात, महाबळेश्वरात तर सगळीकडे तीच. तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. कोकणातली घरं ज्या जांभ्या दगडाची, त्याच घराण्यातली ही. या जांभ्याचं इंग्रजी नाव लॅटेराइट. ते फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अभ्यासकाने १८०७मध्ये दिलं, लॅटिनमधल्या 'वीट' या शब्दावरून, कारण मलबारात लोक हा दगड विटांसारखा कापून घरं बांधताना त्याने पाहिले होते. आता नावातच वीट असलेल्या घराण्यातल्या मातीला तुम्ही कुंडीत भरून रोज वरून पाणी मारलंत तर काय होणार? माझी पहिली कुंडी उलटी केली तेव्हा माती कुंडीच्या आकारातच बाहेर आली. अख्खी. तिच्यावर रंग देऊन शोकेसमध्ये ठेवता आली असती!

याचा अर्थ माती टाकाऊ असा नाही. ती कुंडीला वजन देते, अन्नद्रव्यं धरून ठेवते. फक्त तिला एकटीला सोडायचं नाही.

स्पंजचा धडा

"आणि ती खडी?" मी काकूंना विचारलं. "खडी तर निचऱ्यासाठीच घालतात ना?"

काकूंनी उत्तर दिलं नाही. भांडी घासायचा नवा, आयताकृती स्पंज पाण्यात बुडवला आणि माझ्या तळहातावर आडवा ठेवला. पाणी गळलं, गळलं, थांबलं. "आता उभा धर." स्पंज लांब कडेवर उभा केला, तर थांबलेलं पाणी पुन्हा गळायला लागलं. तेही थांबलं. मग आखूड कडेवर उभा केला. पुन्हा धार!

घरी करून बघा, खरंच मजा येते. स्पंज तोच, पाणी तेच. पण कुठल्याही स्पंजाच्या, आणि कुठल्याही कुंडीच्या, तळाशी काही उंचीपर्यंत पाणी अडून राहतंच. ते नुसत्या गुरुत्वाकर्षणाने खाली पडत नाही, कण त्याला धरून ठेवतात. स्पंज आडवा असला तर जवळपास सगळा स्पंज त्या ओल्या पट्ट्यात येतो. उभा केला तर पट्टा तेवढाच, पण वरचा भाग मोकळा होतो. म्हणजेच उथळ कुंडी जास्त वेळ ओली राहते आणि उंच कुंडीत वर हवा जास्त मिळते.

आता खडीचं बघा. बारीक कणांच्या मातीतलं पाणी मोठ्या पोकळ्यांच्या खडीत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पुरती भिजून तुडुंब होईपर्यंत ते तिथेच थांबतं. मग खडीने काय केलं? ओला पट्टा दोन इंच वर, थेट मुळांपाशी उचलून ठेवला! माझ्या लाडाच्या कुंडीतलं पान आधी का गेलं, ते मला त्या दिवशी कळलं. भोकावर खापरीचा तुकडा किंवा जाळीचा कपटा ठेवायचा, तो माती वाहून जाऊ नये म्हणून. निचरा हवा असेल तर तो तळाला नाही, सगळ्या मिश्रणात घालायचा. आणि ज्या कुंडीला भोकच नाही ती छत्रीच्या स्टँडसाठी वापरायची.

मिसळ जमली पाहिजे

मिश्रणाचा हा विचार नवा नाही. १९३०च्या दशकात इंग्लंडमधल्या जॉन इनिस संस्थेत प्रिम्युलाची रोपं मरायला लागली, तेव्हा तिथल्या लॉरेन्स आणि न्यूएल या दोघांनी प्रयोग करून कुंडीसाठीचं प्रमाण ठरवलं: सात भाग निर्जंतुक केलेली माती, तीन भाग पीट, दोन भाग जाड वाळू. तोवर प्रत्येक माळ्याची प्रत्येक झाडासाठी वेगळी, गुप्त रेसिपी असायची. पुढे १९५०-६०च्या दशकांत अमेरिकेतल्या विद्यापीठांनी त्यातली मातीच काढून टाकली आणि बिनमातीची मिश्रणं आली. त्यातलं पीट मिळतं दलदलींमधून. ते साठायला हजारो वर्षं लागतात. आपल्याकडे त्याला घरचा पर्याय आहे, तो म्हणजे नारळ!

तर आपल्या मिसळीत काय काय हवं?

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो, तरी भुसभुशीत राहतो. विटेच्या आकारात मिळतो. साडेसहाशे ग्रॅमची वीट भिजवली की आठ-नऊ लिटर होते, त्यामुळे बादली मोठी घ्या (मी घेतली नव्हती). त्यात क्षार असतात, म्हणून दोनदा भिजवून ते चहासारखं पाणी फेकून द्यायचं. आणि त्यात अन्न जवळपास शून्य. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेलं झाड म्हणजे हॉस्टेलवरचा उपाशी पोरगा.

परलाइट, म्हणजे पांढरे, थर्माकोलसारखे दिसणारे दाणे. थर्माकोल अजिबात नाही. ही ज्वालामुखीतली काच आहे. साधारण नऊशे अंशांपर्यंत तापवली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी ती फुलते. काम एकच, हवा खेळती ठेवणं. मिसळण्यापूर्वी दाणे ओले करा, नाहीतर धूळ नाकात जाते. परलाइट नसेल तर चणाएवढे विटांचे तुकडे, लोणारी कोळशाचे तुकडे किंवा भाताचं तूस चालतं.

खत. गांडूळखत सगळ्यात सोयीचं, पण एकूण मिश्रणाच्या पाव भागापेक्षा जास्त नको. ते बारीक असतं, पाणी धरतं आणि ओल्या खतावर चिलटं अंडी घालतात. शेणखत घेतलंत तर पूर्ण कुजलेलं घ्या. वास आला तर समजा, अजून वेळ आहे. मूठभर निंबोळी पेंड घालायची पद्धत आहेच.

जाड वाळू. धुऊन, चाळून, फक्त जाड दाणे. समुद्राची नको, तिच्यात मीठ असतं.

आता प्रमाण. वाटी, मग, डालड्याचा डबा, काहीही घ्या. फक्त माप एकच ठेवा.

मनी प्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन: दोन भाग कोकोपीट, एक भाग परलाइट, एक भाग गांडूळखत. हवी तर अर्धा भाग चाळलेली लाल माती.

स्नेक प्लांट, झेडझेड, कोरफड: एक भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग परलाइट किंवा विटांचे तुकडे, मूठभर खत. यांना उपाशी ठेवलेलं चालतं, भिजत ठेवलेलं चालत नाही.

पीस लिली, फर्न: तीन भाग कोकोपीट, एक भाग परलाइट, एक भाग गांडूळखत. यांना थोडी ओल आवडते. आवडते म्हणजे डबकं नव्हे.

ब्रह्मकमळ, अँथुरियम: दोन भाग सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, एक भाग कोकोपीट, एक भाग परलाइट किंवा कोळसा, एक भाग गांडूळखत.

जमली की नाही, हे कसं कळणार? ओलसर मिश्रण मुठीत घेऊन लाडू वळा. लाडू वळला आणि बोट लावताच फुटला, तर झकास. टणक राहिला तर परलाइट वाढवा. वळलाच नाही तर कोकोपीट वाढवा. बेसनाच्या लाडवापेक्षा हे सोपं आहे, शप्पथ!

घाई नको, डोळा हवा

रेडिमेड पॉटिंग मिक्सही सगळीकडे मिळतं. वाईट नसतं, पण पिशवी उघडून बघा. नुसता तपकिरी भुगा असेल आणि पांढरे दाणे शोधावे लागत असतील, तर परलाइट आपणच घाला.

दुसरं, मिश्रण बदललं की पाणी घालायची सवयही बदलावी लागते. कोकोपीट वरून फिक्कं, कोरडं दिसतं आणि आत ओलं असतं. बाहेरून रुबाब आणि आतून वेगळंच, हे आपल्यातल्या कित्येकांसारखं. म्हणून वरून बघून पाणी घालू नका. विझलेल्या उदबत्तीची काडी खोल खुपसा, दहा मिनिटांनी काढा. ओली निघाली तर आज सुट्टी. चिलटं झाली असतील तर वरचे दोन इंच पूर्ण वाळू द्या, निम्मा त्रास तिथेच संपतो.

तिसरं, मोठी कुंडी म्हणजे जास्त प्रेम नव्हे. छोट्या रोपाभोवती पाटीभर मिश्रण असलं तर ते पाणी प्यायला मुळंच नसतात आणि ओल नुसती पडून राहते. मुळांपेक्षा इंच-दीड इंच मोठी कुंडी पुरे. आणि दीड-दोन वर्षांनी मिश्रण बदला, कारण कोकोपीट आणि खत कुजून बारीक होतं, बसतं, आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आजीचा डबा

तिसरं पान मी काकूंच्या देखरेखीखाली लावलं. आधी काप चांगला वाळलाय ना ते बघितलं (पहिली दोन मी आणल्या आणल्या ओल्या कापासकट खुपसली होती, ही आणखी एक चूक). सोडणाचे तुकडे, कोकोपीट, कोळसा, गांडूळखत. साधी मातीची चार इंची कुंडी. पूर्वेची खिडकी.

त्या रात्री आईला फोनवर ही सगळी रेसिपी ऐकवली. मोठ्या रुबाबात. परलाइट, पोकळ्या, टक्केवारी. आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "अगं, पण आजी हेच तर करायची."

म्हणे आजीच्या डब्यात माती होती नावाला. देवापुढचा नारळ सोलला की शेंड्या त्यात. बंबातले विझलेले कोळसे त्यात. पावसाळ्याआधी कौलं बदलली की फुटक्या कौलांचे तुकडे त्यात. कुजका पाला त्यात. आणि डबा गंजून गंजून तळाला चाळण झालेली. मी लहानपणी तो डबा बघायचे आणि वाटायचं, आजी झाडाला कचऱ्यात ठेवते. दर पावसाळ्यात त्या कचऱ्यातून बशीएवढी पांढरी फुलं यायची, हे दिसत असूनही!

आजीने परलाइट हा शब्द कधी ऐकला नव्हता. आणि मी मास कॉमची डिग्री घेऊन, नेटवर पन्नास व्हिडिओ बघून, सिरॅमिकच्या कुंडीत चिखल करत होते. तिला विचारायला हवं होतं. ती होती तेव्हा मी फक्त फुलाचे फोटो काढले. डब्यात काय आहे, ते कधी विचारलंच नाही.

लावून दीड वर्ष झालं. पान आता वीतभर नाही, हातभर झालंय आणि बुडातून दोन नवे, लालसर कोंब आलेत. फूल अजून नाही. पानापासून वाढवलेल्या ब्रह्मकमळाला फुलायला दोन-तीन वर्षं लागतात, असं काकू म्हणतात. आई मात्र दर रविवारी व्हिडिओ कॉल करते आणि पहिला प्रश्न तोच.

"कळी दिसतेय का गं?"

"नाही अजून. पण आई, कुंडीच्या भोकातून मुळं बाहेर आलीत. पांढरीशुभ्र आहेत."

"मग ठीक आहे," आई म्हणते. "एक पान मला पण काढून ठेव. नव्या घराला गॅलरी आहे."

मी एका कुंडीची मिसळ जास्तीची कालवून ठेवली आहे.